धरणाच्या पाण्याचं कारंजं

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका पाण्याचा विचार मुळशी पेट्यात कुणी केला नसेल, आणि त्यात इतका घोटाळाही कुणी घातला नसेल. धरणाच्या पाण्यावर वीज होते नि ती मुंबईला जाते, एवढं दाजींच्या कानावर आलं होतं. त्यावरून दुधात लोणी तशी पाण्यात वीज असते, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. पौडाच्या हॉटेलात एकदा चहाचा घोट घेऊन त्यांनी कप परत केला. “ह्यातली ईज काडलेली दिसतीया. तरतरीच न्हाई.” मी शाळेत शिकवते, म्हणून समजवायला गेले. पाणी पडतं, चाक फिरतं, वीज होते.

“चाकात कुटनं आली?” दाजी म्हणाले.



त्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका प्रदर्शनात त्यांनी दिव्याचं कारंजं पाहिलं आणि घरी येताच तसंच अंगणात करून दाखवायचा आक्काला शब्द दिला. आमचं माहेर धरणात बुडालं तेव्हा आक्का आठ वर्षांची होती, मी पाळण्यात. “आपल्या घरावरचं पाणी मुंबईत उजेड पाडतंय म्हंत्यात. मला कवा दिसायचा?” हे तिचं नेहमीचं. तिच्या सासरच्या गावात अजून रॉकेलचेच दिवे होते.

मी दाजींना कागदावर लिहून दिलं: गोठ्याच्या माळ्यावर पिंप, त्यातून खाली रबरी नळी, टोकाला पिचकारीचं बारीक तोंड, म्हणजे पाणी पिंपाच्या उंचीकडे उसळी घेईल, शेजारी काचेच्या बरणीत बॅटरी, उजेड वर. बॅटरीवर दाजी अडले. “ईज पाण्यात हायेच की!”

“बरं. मग विहिरीचंच पाणी भरा.”

“हिरीत कुटली ईज, मास्तरीणबाई? पोरास्नी काय शिकवताय तुमी?”

बैलगाडीनं धरणाचं पाणी आलं. बॅटरी ‘ईज जागी करायला’ म्हणून त्यांनी चालवून घेतली.

दिवेलागणीला नळीचा चिमटा सोडला. पाणी कमरेइतकं उडालं, थेंब न् थेंब उजळलेला. आक्का कारंज्याजवळ आली. मग तिनं हात पुढं केला. तळव्यावर उजेड सांडला.

“गार हाय की गं!”

पिंप रितं होत गेलं तसं कारंजं बुटकं झालं, आणि थांबलं. “सरली ईज,” दाजी हळहळले. “उद्या दुसरं पिंप आणतो.”

पाण्याची पातळी उतरली की जोर उतरतो, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण आक्का आधी बोलली.

“नगा. समदी हितं काडून आणू नगा. तितं खाली, आमच्या घरात, वाईच उजेड ऱ्हाऊ द्या.”