उल्काताईंच्या कॉम्प्युटरमधलं नवं

दुरुस्तीला माणूस बोलवा म्हटलेलं उल्काताईंना खपत नसे. टायपिंगच्या क्लासला मुलं येईनाशी झाली तेव्हा त्यांनी मशिनं विकली, रत्नागिरीतल्या घराच्या पडवीत इंटरनेटचा एक कॉम्प्युटर मांडला, आणि तो बिघडला की पुस्तक बघून, चार शिव्या घालून त्या स्वतःच चालू करत. "यंत्र आहे ते, देव नव्हे," असं म्हणायच्या. म्हणायला काय जातं.

दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी सानिका आली आणि ताईंची सगळी ऐट उतरली. सानिकाचा नवरा निलेश मालवाहू बोटीवर होता. त्या बोटीला आग लागल्याची बातमी आदल्या संध्याकाळी टीव्हीवर आली होती. माणसांचं काय झालं ते कुणी सांगत नव्हतं, आणि कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन उचलत नव्हते. राहता राहिली ईमेल.

लाइन लागली. पान वरून खाली हळूहळू उतरू लागलं. निलेशचं नाव दिसलं, पुढे तारीख उमटणार तेवढ्यात कॉम्प्युटर हँग झाला. माउस हलेना, कळा दाबून काही होईना.

"पत्र आगीच्या आधीचं असेल की नंतरचं हो, ताई?"

"बघूया. रडू नको आधीच," उल्काताई म्हणाल्या.

बंद करून परत चालू केला. साठलेल्या फायली उडवल्या. व्हायरस शोधला, तो काही सापडला नाही. पुढच्या खेपेला नाव दिसण्याआधीच हँग झाला, आणि त्यानंतर तर लाइन लागायच्याही आधी. उल्काताई थबकल्या. लाइनच लागलेली नाही, मग लाइनला दोष कसा द्यायचा? आणि दर खेपेला आधीपेक्षा लवकर का? त्यांनी सीपीयूच्या डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. डबा तव्यासारखा तापला होता.

त्यांनी स्क्रू काढले. आत पंख्याशेजारी दोऱ्यानं बांधलेलं नवं होतं, म्हणजे नव्या भाताची लोंबी, आंब्याचं पान, झेंडूचं फूल. नव्याच्या पौर्णिमेला दाराला, विहिरीला, स्कूटरला बांधतात तसं ते त्यांनीच बांधलं होतं. बाहेर बांधलं तर गिऱ्हाइकं चाळा करत ओढतात म्हणून आत. दोरा सैल होऊन लोंबी पंख्यात अडकली होती. पंखा थांबलेला, म्हणून आतलं सगळं तापत होतं. उल्काताईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

तरी हात पुढे होईना. बांधलेलं नवं वर्षभर काढत नाहीत. ते नेमकं आज काढायचं, या पोरीचं कुंकू पणाला लागलेलं असताना? सानिकानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःच लोंबी उपसून काढली.

डबा निवेपर्यंत उल्काताई पुठ्ठ्यानं वारा घालत बसल्या. मग बटण दाबलं. पंखा घरघरला. लाइन लागली, नाव आलं, तारीख आली. आजची.

सानिका ढसाढसा रडली. पत्र इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होतं, ते उल्काताईंनीच वाचायला घेतलं. "मी ठीक आहे. हात भाजलाय थोडा. आत्माराम गेला. माझ्या डोळ्यांसमोर गेला. कंपनीचा माणूस येईल तेव्हा येईल, त्याआधी त्याच्या आईला तू सांग. टीव्हीवरून कळायला नको."

आत्माराम हा सानिकाच्या शेजारच्या यमुनाबाईंचा एकुलता एक मुलगा. त्याला बोटीवर निलेशनंच लावून दिलं होतं.

उल्काताईंनी पडवीला कुलूप घातलं आणि सानिकाबरोबर चालू लागल्या. तिला एकटीला पाठवायला त्यांचं मन घेईना.

यमुनाबाई अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. सानिकाचे सुजलेले डोळे बघून उठल्या. "निलेशचा काय कळला काय गो?"

"बरे आहेत ते."

यमुनाबाईंनी हात जोडले. "देवान राखलान. मग आमचा आत्माराम पन बराच असनार. दोगव एकाच बोटीवर," असं म्हणत त्या दोघींना बसायला चटई आणायला आत वळल्या. सानिकानं मागून त्यांचा हात धरला.