आवाज: गयाबाई, आष्टी

आमच्या साडूंइतका फुकट वाटणारा, आणि वाटलेल्या वस्तूचा इतका पिच्छा पुरवणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. सापडलाच तर मला दाखवू नका, मला एक पुरे आहे! नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या कचेरीत ते कारकून आहेत. पाकिटावरचा 'सर्व हक्क राखीव' असा मुंगीएवढा मजकूर जन्मभर तपासून त्यांना हक्कांचं वेड लागलं, आणि इंटरनेटवर मुक्त परवाने असतात हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ते वेड गावभर मोकळं सुटलं. सकाळीच आमच्या दारात हजर! "साडूभाऊ, लिहिणारा मेला तरी साठ वर्षं हक्क चालतो! नातवाचं लगन होतं तरी हक्क जित्ता! आणि हे बघा, इथं माणूस आपल्या हातानं लिहून देऊन राह्यला, की घ्या, वापरा, बिलकुल फुकट!" मी म्हटलं, मग त्यात त्याला काय मिळतं? "नाव! लग्नात आहेर देतो तेव्हा माईकवर नाव पुकारतात का न्हाई? तेवढंच. आणि दुसरा एक परवाना असतो विरजणाचा. शेजारणीकडून विरजण आणून दही लावलं, तर उद्या तिसरी मागायला आल्यावर न्हाई म्हणता येत न्हाई!" हे ऐकून आमच्या बायकोनं हातातली दह्याची वाटी झाकून आत नेली.

त्यानंतर साडूंनी मोबाइल उचलला आणि जिल्ह्यातला दिसेल तो आवाज टिपायला सुरुवात केली. मोसंबीचा लिलाव, रिक्षावाल्यांची भांडणं, आष्टीच्या बाजारातली पालकवाली, सगळं एका संकेतस्थळावर चढवायचं आणि खाली लिहायचं, 'कोणीही घ्या, बदला, विका. फक्त नाव लावा.' स्वतः मात्र नाव लावण्याच्या बाबतीत इतके कडक की नातेवाईक त्यांना टरकून असत. कुटुंबाच्या ग्रुपवर मावशींनी गुलाबाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' म्हटलं, की यांचा सवाल, "मावशी, फूल मूळ कोणाचं?" मावशींनी ग्रुप सोडला. एका लग्नात वांग्याची भाजी आवडली म्हणून यांनी आहेर पुकारणाऱ्याच्या हातातला माईक घेतला आणि आचाऱ्याचं नाव गावासकट जाहीर केलं. नवरदेवाचा मामा ताटकळत उभा! माझ्या बायकोनं सांगितलेली ठेच्याची कृती त्यांनी लिहून काढली, तर खाली टीप होतीच. 'मूळ कृती: धाकटी मेहुणी. बदल: मीठ कमी.' ती अजून त्या मिठावरून धुमसते आहे.

पण या सगळ्या आवाजांत एक आवाज खास होता. आमच्या सासूबाई, गयाबाई, आष्टीला रानात ज्वारीवरची पाखरं हाकलायच्या. अंगानं काडी, पण आवाज असा की पाखरं तर सोडाच, पलीकडच्या शिवारातला गडीही दचकून उभा राहायचा. "हाऽऽऽ रे हाऽऽऽ! बापाचं रान हाय का रे!" सात मिनिटांची ती फीत साडूंनी चढवली, आणि मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. का? तर "आता ती जगाची झाली." वर्षभरात सासूबाई गेल्या.

मग एका वरातीत, स्टेशन रस्त्यावर, डीजेच्या भिंतीतून सासूबाई गरजल्या! "बापाचं रान हाय का रे!" आणि धडाड धडाड ढोल. दोनशे पोरं बेभान नाचत होती. कुणीतरी त्या आरोळीचं गाणं केलं होतं. साडूंना काय आनंद झाला म्हणता! चष्मा माझ्या हातात देऊन ते वरातीत घुसले आणि असे नाचले की नवरदेवाला घोडा आवरावा लागला. घरी येऊन गाणं शोधलं, तर खाली सासूबाईंचं नाव नाही. यांनी गाणंवाल्याला गोड भाषेत लिहिलं, "वापरा, जरूर वापरा. फक्त नाव लावा." उत्तर आलं नाही. आठवड्यानं संकेतस्थळाची सूचना तेवढी आली: तुमची फीत दुसऱ्याच्या गाण्याशी जुळते, म्हणून ती काढून टाकली आहे. यंत्रानं गाणं आधी नोंदलेलं पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. सासूबाई स्वतःच्याच आवाजाच्या चोर ठरल्या!

वर्षश्राद्धाला सगळे जेवून उठले, तेव्हा आक्का, म्हणजे साडूंची बायको, म्हणाली, "अहो, आईचा आवाज लावा की जरा." साडूंना सांगावं लागलं, की फीत आता कुठेच नाही. आक्का उठून आत गेली. पुढे पंधरा दिवस तिनं त्यांच्याशी अबोला धरला. तिच्याकडे आईचा दुसरा आवाज नव्हताच. हरकत नोंदवायची तर संकेतस्थळवाले मूळ फीत मागत होते, आणि ती तर यांनी जगाला देऊन टाकलेली. मी तर ओरडलोच त्यांच्यावर, "वाटा अजून फुकट!" ते नुसते मान खाली घालून बसले. त्यांचं तसं बसणं मला अजिबात आवडलं नाही, मलाच लाज वाटली.

शेवटी त्यांनी सगळ्या ग्रुपांवर टाकलं, 'गयाबाईंची फीत कोणी उतरवून घेतली असेल तर द्या हो.' तिसऱ्या दिवशी तीर्थपुरीहून एका शेतकऱ्याचा फोन. "ते पाखरं हाकलायचं का? ते तर आमच्या रानात रोज वाजून राह्यलंय की! गेल्या साली उतरवून घेतल्तं, पुरं सात मिन्टं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं त्याच्या बांधावर. ज्वारी हुरड्यात आलेली, मधोमध बांबूला बांधलेला भोंगा. शेतकऱ्यानं कळ दाबली, आणि आधी एका शाळकरी मुलीचा आवाज आला, "आवाज: गयाबाई, आष्टी." साडू बघतच राहिले. शेतकरी ओशाळून म्हणाला, "नाव लावायचं अशी अट व्हती ना. मंग लेकीकडून बोलून घेतलं." पाखरांना नाव सांगत होता हो हा माणूस, रोज! आणि मग ती आरोळी उठली. पोपटांचा थवाच्या थवा भर्रकन उडाला, आणि आक्का पदर तोंडाला लावून बांधावरच बसली. आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. शेवट कुणाच्याच ध्यानात नव्हता. आरोळ्या थांबल्या आणि सासूबाई अगदी जवळून, हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, बास करा ते आता. चहा निवून गेला."

"आलो, आई," साडू म्हणाले.

ती फाइल हरकतीसोबत गेली, फीत संकेतस्थळावर परत आली, गाण्याखालीही आता नाव आहे. पण साडूंनी त्या दिवशी बांधावर मोबाइल चालूच ठेवला होता. ती नवी फीतही त्यांनी चढवली आहे, कोणीही घ्यावी. खाली लिहिलं आहे, 'मूळ आवाज: गयाबाई, आष्टी. बदल: शेवटी जावयाचं "आलो".'