स्कूटर चालू झाली आणि विनोदची सोयरीक अडली

मोबाईलची मेमरी फुल झाली की मी आधी गुड मॉर्निंगची फुलं डिलीट करते, मग नातेवाइकांच्या बारशांचे फोटो. पण 'चौपट वऱ्हाड' ग्रुपवरची भांडणं डिलीट करायला माझा हात काही धजत नाही. किस्से साठत जातात, मोबाईल गरम होतो आणि मी शिलाई मशीन थांबवून एकटीच हसत बसते. ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांना वाटतं, कविताबाईला उन्हाचा त्रास झाला.

तर 'चौपट कॉलनी' नावाची एक हिंदी कार्टून मालिका आहे. कार्टून असली तरी पोरांची नाही. घरगुती, टोमण्यांची, मोठ्या माणसांची. कधीपासून चालू आहे ते आता कोणालाच आठवत नाही. चंपालाल नावाचा एक कारकून, त्याची बायको रजनी आणि पोरगा बंटू. आमची पोरं शाळा संपवून नोकरीला लागली, बंटू अजून चौथीत आहे. दर एपिसोडच्या सुरुवातीला चंपालाल स्कूटरला किक मारतो, ती चालू होत नाही आणि तो पायी ऑफिसला जातो. बस! एवढ्यावर अमरावती-अकोल्याची चांगली शिकलीसवरलेली माणसं वेडी झालेली आहेत, आणि त्या वेड्यांची मी ॲडमिन आहे.

रविवारी दुपारी नवा एपिसोड येतो. संध्याकाळी अमरावतीची मंडळी माझ्या शेजारच्या विनोदच्या कूलरच्या दुकानात जमतात, अकोल्याची मंडळी व्हिडिओ कॉलवर येतात. गिला वडा मागवतात. पण तो तोंडात घालायच्या आधी प्रत्येकाने उभं राहून एकच शब्द बोलायचा: 'पास' किंवा 'नापास'. 'बरा होता', 'ठीक वाटला' असलं चालत नाही. ज्यांची बाजू कमी पडेल त्यांनी सगळ्यांच्या प्लेटा धुवायच्या.

हा नियम घोंगडे सरांचा. सर आयुष्यभर मराठी शिकवून रिटायर झाले, पण त्यांची नापास करायची हौस अजून सर्व्हिसमध्येच आहे.

आणि हा विनोद म्हणजे कूलर विकतो, दुरुस्त करतो, मला वहिनी म्हणतो, स्वभावाने सोन्यासारखा. चाळिशीला टेकला तरी लग्न जमेना. स्थळ यायचं, सगळं पसंत पडायचं, मग कोणीतरी सांगायचं की मुलगा कार्टून पाहतो. झालं, पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे! शेवटी सरांनीच तोडगा काढला. अकोल्याच्या ग्रुपमधली स्नेहल. लॅबमध्ये रक्त तपासते, वडील नामदेवराव तेल्हाऱ्याचे, घरची कपाशी, माणसं चांगली. फोटो पसंत पडले. पाहण्याचा कार्यक्रम ठरला. विनोदची आई मला बस्त्याच्या साड्यांचे रंग विचारायला लागली.

आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी चंपालालची स्कूटर चालू झाली!

* * *

एका किकमध्ये चालू झाली. धूर सोडला, हॉर्न वाजवला आणि रजनीला मागे बसवून चंपालाल ऑफिसला गेला. मी तर हातातली सुई ब्लाउजमध्येच विसरले. ग्रुपवर 'स्कूटर चालू झाली' असे मेसेज धडाधड पडायला लागले.

अर्ध्या तासात ग्रुपवर घोंगडे सरांचं परीक्षण येऊन पडलं. 'या भागात मानवी जीवनाचे चिरंतन सत्य उलगडले असून, प्रतीक्षा आणि प्रयत्न यांचा मनोहर संगम साधला आहे. सबब, पास.' सरांचं परीक्षण नेहमी असंच असतं. मालिकेचं नाव बदललं तर ते एखाद्या शोकसभेतही वाचून दाखवता येईल.

त्यावर मोर्शीच्या भास्करभाऊंनी निळ्या रंगाची शंका काढली. हे संत्र्याचे मोठे बागायतदार, प्रत्येक गोष्ट सोलून पाहायची सवय. "सर, स्कूटरचा रंग हिरव्याचा निया केला, ते पाह्यलं काय तुमी?"

सरांनी उत्तर दिलं, "भास्करराव, रंगाच्या पलीकडे पाहायला शिका!"

भास्करभाऊंनी हात जोडल्याची तीन-चार चित्रं पाठवली.

* * *

संध्याकाळी दुकानात मतदान सुरू झालं. सरांचं वाचून आलेले सगळे एकामागून एक 'पास' म्हणत उठत-बसत होते. विनोद कुठूनतरी काम आटोपून घामाघूम येऊन टेकला होता. त्याची पाळी आली तसा तो ताडकन उभा राहिला.

"नापास! अन् लिहून घ्या, हे स्कूटर चालू नाही झाली, मालिका बंद पडली!"

दुकान थरारलं. मग हळूहळू बाकीच्यांनाही कंठ फुटला. ज्यांनी आत्ताच 'पास' म्हटलं होतं त्यातल्या अर्ध्यांनी 'आमचाही नापास, आमी घाईत बोललो' म्हणून मत फिरवलं. आमच्याकडे माणूस मत फार विचार करून देतो आणि फार लवकर परत घेतो.

व्हिडिओ कॉलवरून स्नेहल कडाडली, "काहून नापास? त्या मानसाचं एकदा तरी भलं होऊ द्या नं! किती वर्षं पायी चालवता त्याले?"

"भलं झालं तं पाहाचं काय मंग?" विनोद म्हणाला. "सुखी मानूस पाह्याले मी डाटा जायून राह्यलो काय?"

मोजणी झाली तर दोन्ही बाजू सारख्या. मग प्लेटा कोणी धुवायच्या? नियमात तशी सोय नव्हती. भांडत भांडत सगळे निघून गेले, प्लेटांना मुंग्या लागल्या, शेवटी मीच पदर खोचला. ॲडमिन म्हणजे नेमकं काय, ते मला त्या दिवशी कळलं.

* * *

आमच्या ग्रुपमधला पंकज नोकरीसाठी पुण्याला गेला आहे. जन्म बडनेऱ्याचा, पण तिकडे राहून जीभ धुऊन पांढरी केली. त्याने दुसऱ्या दिवशी फार नम्रपणे ग्रुपवर लिहिलं, "मला वैयक्तिकरीत्या थोडंसं असं वाटतं की दोन्ही बाजूंमध्ये काही अंशी तथ्य असू शकेल."

खाली भास्करभाऊंचा व्हॉइस मेसेज आला. "पंकज, बापा, तुले बरं नाही काय? ताप मोजून पाय! अन् बरा झाला की सांगजो, पास का नापास!"

पंकज त्यानंतर दोन दिवस ऑनलाइन दिसला नाही.

* * *

भास्करभाऊंचा स्वतःचा आक्षेप अगदी यांत्रिक होता. "इतके वर्षं उभ्या गाडीत पेट्रोल टिकते काय? प्लगले गंज नाही लागत? माह्या शेतातलं इंजन एका पावसायात जाम होते!"

स्नेहलने तिथल्या तिथे विचारलं, "भाऊ, बंटू इतके वर्षं चौथीत हाय, ते चालते तुमाले? त्याच्या शाळेत कोनी गेलं काय चौकशीले?"

यावर भास्करभाऊंनी मत फिरवून 'पास' केलं. मग रागाने विनोदने भास्करभाऊंच्या कूलरचा पंप दुरुस्त करायला नकार दिला. उन्हाळा असा की डांबर चपलेला चिकटावं, आणि हा माणूस दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी मत विचारायला लागला! गल्लीतल्या एक म्हाताऱ्या मावशी कूलरच्या गवताच्या ताट्या बदलायला आल्या होत्या. त्यांनाही त्याने विचारलं, "मावशी, स्कूटर चालू झाली. पास का नापास?"

मावशींनी पदराने घाम पुसला. "बापा, तू म्हनशीन ते. पन माह्या ताट्या बदलून दे. घरी बुढा उकडून राह्यला."

विनोदने 'नापास' धरून टाकलं आणि ताट्या फुकट बदलून दिल्या. निवडणुकीचं राजकारण आमच्याकडे लहानपणापासून शिकवावं लागत नाही.

* * *

इथपर्यंत हसण्यावारी होतं. मग एके सकाळी स्नेहलने ग्रुपवर लिहिलं, "जो मानूस चंपालालचं सुख पाहू शकत नाही, तो बायकोचं काय पाहीन?"

ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं. सगळ्यांना माहीत होतं कोणाला लागणार. विनोदने दहा वेळा टाइप करून खोडलं असावं, कारण वर 'टायपिंग' दिसायचं आणि जायचं. मग आलं, "जिले स्कूटरचा इतका आनंद होते, ते उद्या मले म्हनन आता कार घे." आणि तो ग्रुप सोडून गेला. मी परत घेतलं. तो परत गेला.

मला खरंच वाईट वाटलं. त्याच्या आईने बस्त्यासाठी बाजूला काढलेले पैसे कपाटात, आणि मुलगा कार्टूनवरून सोयरीक मोडायला निघालेला. ती माझ्या दुकानात येऊन डोळ्याला पदर लावून बसली.

"कविता, हा चंपालाल कोन हाय गं? कोनत्या गावचा हाय? मले घेऊन चाल त्याच्या घरी. मी पाय धरीन त्याचे, पन त्याले म्हनीन, ते गाडी बंद कर."

मी काय सांगणार! मी तिला पाणी दिलं.

* * *

तिकडे तेल्हाऱ्याला वेगळंच पोचलं. नामदेवरावांच्या कानावर एवढंच गेलं, की मुलाचं स्कूटरवरून बिनसलं आहे. त्यांनी तडक घोंगडे सरांना फोन लावला. सर माझ्याच दुकानात उसवलेली पँट घेऊन आले होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सर, आमी देन्याघेन्याचे लोक नाही, हे पयलेच सांगितलं होतं!"

"अहो नामदेवराव, कोणी काही मागितलं नाही."

"मंग स्कूटर स्कूटर काय चालू हाय? अन् मागाची तं मागाची, स्कूटर मागितली? गावातले पोट्टे कार मागून राह्यले, अन् तुमचा हा असा चिल्लर! अशा मानसाच्या घरी पोरगी कशी नांदन माही?"

मराठीचे सर प्रमाणभाषा विसरून ओरडले, "अहो, ते टीव्हीतली स्कूटर हाय! काढलेली हाय! चित्र हाय ते!"

मग नामदेवराव थंडपणे म्हणाले, "सर, चित्रावून भांडते तो मानूस? हे तं मागन्यापेक्षा वंगाळ झालं. तरी या तुमी. कार्यक्रम ठरला हाय. मोडाचा असन तं समोरासमोर मोडू."

* * *

आम्ही जीपने तेल्हाऱ्याला निघालो. विनोद, त्याची आई, घोंगडे सर आणि मी. विनोदने नवा शर्ट घातला होता आणि चेहरा असा, की जणू ऑपरेशनला निघालाय. मी त्याला हळूच म्हटलं, "तोंडातून एवढं एक 'पास' काढ ना रे. काय जातं तुझं?"

"तत्त्व हाय वहिनी," तो म्हणाला.

त्याच्या आईने तत्त्वाला जीपमध्येच एक चापट मारली.

नामदेवराव पाणी देताना हसले नाहीत. पोहे आले. स्नेहल आली, ट्रे ठेवला आणि समोर बसली. नाव काय, शिक्षण काय, हे विचारण्यात कोणालाच रस नव्हता. नामदेवराव म्हणाले, "तुमचं दोघाईचं जे काय हाय ते आमच्यापुढंच बोला. एकदाचं होऊन जाऊ द्या."

स्नेहलने सरळ विनोदकडे पाहिलं. "मले एकच सांगा. तुमाले त्या एपिसोडमध्ये नेमकं काय नाही आवडलं? एक सीन सांगा. कोनताही एक."

विनोदने पोह्याचा एक घास घेतला. मग अजून एक. कपाळावरून घाम गळायला लागला. त्याची आई पदर तोंडात धरून बसली होती. मला वाटलं, हा आता उठतो आणि जीपमध्ये जाऊन बसतो.

"खरं सांगू काय?" तो शेवटी म्हणाला. आवाज इतका बारीक की सगळे पुढे वाकले. "मी पाह्यलाच नाही तो."

"काय?" हे मी ओरडले.

"त्या दुपारी मोठ्या कूलरचं काम होतं, वहिनी. आलो तं सगळे पास-पास करून राह्यले होते. मले वाटलं, कोनीतरी नापास म्हनाले पाह्यजे. मंग म्हटलं ते म्हटलं. आता मागं कसं फिराचं?"

त्याच्या आईने कपाळावर हात मारला. नामदेवरावांनी बायकोकडे पाहिलं. मी मात्र स्नेहलकडे पाहत होते, कारण आता खरा स्फोट तिकडून होणार होता. ग्रुपवर या पोरीने भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं.

पण स्नेहल पदराशी चाळा करत खाली बघत होती. पहिल्यांदाच ती पाहण्याच्या कार्यक्रमातल्या मुलीसारखी दिसली.

"मी बी नाही पाह्यला," ती म्हणाली. "त्या दिवशी लॅबमध्ये ड्यूटी होती."

"मंग तू पास काहून केलं?" विनोदने विचारलं.

"सरांचं वाचून."

आम्ही सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होते. ते काढून झाले तशी त्यांनी कोथिंबीर काढायला घेतली. मग एकदम बशी खाली ठेवून घाईघाईने म्हणाले,

"नामदेवराव, मुहूर्ताचं काय ते आत्ताच पाहून टाका!"