धोंडुकाकीचं सुतक

धोंडुकाकी वडखळजवळच्या मिठागरात राबायची. तोंडाची फाटकी बाई. गावातला पहिला टीव्ही आमच्याकडे आला आणि मालिकेतली सुलभा तिची लेकच झाली.

ऐन गणपतीच्या तोंडावर सुलभा मालिकेत मेली. काकीने हंबरडा फोडला आणि घरी जाऊन लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. आम्ही पोट धरून हसलो. पण तिचा मुलगा कान्हू पेणहून मूर्ती घेऊन आला, तेव्हा तिने त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"सुतक हाय. देव आत नाय यायचा."

आम्ही हबकलोच! मरते कोण, सुतक कुणाला! शेवटी तिचा गणपती आमच्या गणपतीशेजारी बसवला.

गौरी यायच्या दिवशी काकी सुतकामुळे आमच्या पडवीत बसूनच टीव्ही बघत होती. साबणाची जाहिरात लागली आणि त्यात सुलभा, खदाखदा हसत! काकीने आ वासला. आता ही टीव्ही फोडते, असंच मला वाटलं.

काकी उंबरा ओलांडून आत आली. तिने काचेवरून हात फिरवला.

"जित्ती हायेस गो बाय?"

मग पडवीत उभ्या कान्हूवर कडाडली, "बघतोस काय मेल्या? देव उचल. माझी गौर घरी आली!"