माझी काळी पाच

सुखदेवदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमगावच्या घरी केसांना मेंदी लावून बसले होते. फोन आमच्या नाटक मंडळीच्या मालकाचा. "बाई, दादा गेले नं. शोकसभेत तुमचे दोन शब्द पायजे," म्हणाला, आणि त्याच दमात बॅनरवर माझा कोणता फोटो टाकायचा तेही विचारले.

सभा झाली. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी या माणसाला घरी बसवले, त्यांनीच त्याला सुरांचा बादशहा म्हटले, डोळे पुसले आणि समोसे खाल्ले. मला शिसारी आली. तरी मीही बोलले, छान बोलले, टाळ्या घेतल्या. आज त्या टाळ्यांची शिसारी जास्त येते…

दादा झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षे पायपेटी वाजवत. माझ्या जन्माआधीचे ते विलायती वाद्य; पायांनी भाता हाणायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. नाट्यपदाआधी ते सूर धरून ठेवत आणि मी सावकाश त्यात शिरत असे. मी काळी पाचमध्ये गायची, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीला सा मानून. एवढ्या वर गाणारी बाई आमच्या भागात दुसरी नाही, हे मी चारचौघांत ऐकवायला विसरत नसे. पंचावन्नाव्या वर्षीही काळी पाच. गर्वाचे घर खाली म्हणतात, माझे मात्र वरच राहिले होते.

मग मालकाने कीबोर्ड आणला. दुपारच्या तालमीत दोन्ही वाद्ये एकत्र सुरू झाली आणि अंगावर काटा आला, इतकी ती एकमेकांशी भांडत होती. कीबोर्डवाला गोंदिया शहरातला. "चाचा की पेटी उतर गई है," म्हणाला. दादांनी पट्ट्यांवरचे हात काढले आणि माझ्याकडे पाहिले. मी सगळ्यांसमोर म्हटले, "दादा, बेसूर झाली तुमची पेटी. घरीच ठेवा आता तिले."

"बरं बाई," म्हणाले. आणि पेटी घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून कीबोर्डवर मला काळी पाच जाईना. घसा बसला म्हणून मी वेळ मारून नेली. कीबोर्डवाल्याने बटण दाबून पट्टी उतरवून दिली.

गेल्या आठवड्यात मुर्रीला दादांच्या घरी गेले. वहिनींना पेटी विहारात भीमगीतांसाठी द्यायची होती, म्हणून त्यांनी कारागीर बोलावला होता. त्याने पेटी उघडून आतले पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पात्या, आकड्याने एकेक बाहेर ओढले. प्रत्येकावर त्या-त्या स्वराचे अक्षर कोरलेले. "सब एक-एक घर खिसके हुए हैं," तो म्हणाला. "किसीने जानबूझके किया है." म्हणजे कोणतीही पट्टी दाबली तरी शेजारचा, एक पायरी खालचा सूर निघणार. तबलाही त्याच पेटीच्या सुरात लावलेला, मग कोणाला कळणार?

मला तरी कळायला हवे होते.

"कीबोर्ड यायच्या आधीच्या साली तुमचा गळा वर जाऊन नाही राहिला होता," वहिनी म्हणाल्या. "दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेआधी तीन दिवस बसून केलं त्यांनी. मले म्हनले, बाईले सांगू नोको, गानं सोडून देईल."

म्हणजे पेटी उतरली नव्हती, मी उतरले होते. आणि दादा हे त्या तालमीत एका वाक्यात सांगू शकले असते. मला माझ्याच तोंडाची किळस आली.

"मग पेटी घरी आल्यावर सूर परत जागेवर काऊन नाही बसवले?" मी विचारले.

"मीबी तेच म्हनलं. तर म्हनत, बाईनं बोलावलं तर? मंग कोनत्या सुरात गाईल?"

दोन वर्षे मी बोलावले नाही.