भावजी डौलाच्या बाजूचे

एखादी गोष्ट जमली, एवढ्यावर ज्याचं समाधान होत नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. लग्न होऊन मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतून वडगाव रासाईला आले, त्या पहिल्याच आठवड्यात मला ह्याची चुणूक मिळाली. माहेरी आमच्याकडे चपात्या. भाकरी थापायला मी सासरी शिकले. जीव मुठीत धरून थापलेली माझी पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली. सासूबाई "जमली गं बाई" म्हणाल्या, आणि उंबऱ्यात चहा पीत बसलेले भावजी म्हणाले, "फुगली खरी, पर वहिनी, थापताना तुम्ही खांदा लई उचलता." उलथनं माझ्या हातातच होतं. मी नवी नवरी होते म्हणून ते वाचले. पुढे कळलं की हा प्रसाद सगळ्यांनाच मिळतो. गड्यानं कडब्याची गंज रचली की भावजी लांब उभे राहून मान वाकडी करून बघणार आणि म्हणणार, "पडायची न्हाई ती, पर उभी कशी हाय बघा की, रुसल्यावानी." मग ती गंज मोडून पुन्हा रचायची. एसटी सुटायला लागली तरी ते कधी धावले नाहीत, कारण धावणारा माणूस पाठमोरा फार वाईट दिसतो असं त्यांचं ठाम मत होतं. त्या मतापायी त्यांच्या किती एसट्या चुकल्या ते त्यांनाच ठाऊक.

हे खूळ त्यांच्या रक्तातलंच म्हणायचं. आमचं सासरचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन मुलूख हिंडणारं, नंतर भीमेच्या काठी ऊस-कांद्यात स्थिरावलेलं. मेंढरं गेली, पण गजीचा नाच राहिला. मधे ढोल, भोवती रिंगण, नाचणाऱ्यांच्या हातात रुमाल. माझे चुलत सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते ह्या नाचातले जुने जाणते. त्यांनी भावजींना लहानपणीच सांगून ठेवलेलं, की पाय सगळ्यांचेच पडतात, रुमाल खाली कसा येतो त्यावरनं नाचणारा कळतो. आबा हे नाचापुरतं बोलले असावेत. भावजींनी ते सबंध जन्माला लावून घेतलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रांजणगावला एमआयडीसी झाली होती आणि भावजी तिथे एका कारखान्यात मशीनवर लागले होते. तिथे नवं मशीन बसवायला एक गोरा इंजिनिअर आला. हा बाबा जेवणाच्या सुट्टीत केळी खायचा आणि रिकाम्या शेडमध्ये चाकं लावलेल्या फळीवर उभा राहून गरागरा फिरायचा. त्याला स्केटबोर्ड म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आमच्या घरात ती शेवटपर्यंत फळीच राहिली. सगळा कारखाना त्याला हसायचा. न हसता बघणारी माणसं दोनच, एक आमचे भावजी आणि दुसरा कंत्राटावर आलेला केडगावचा वेल्डर, योसेफ. जाताना त्या इंजिनिअरनं वाटणी केली. फळी भावजींना दिली आणि परदेशी पोरांच्या फळीवरच्या कसरतींची सीडी योसेफला. त्यानं हे मुद्दाम केलं की सहज, देव जाणे, पण ह्या वाटणीनं दोघांची अशी गाठ बांधली की दर रविवारी योसेफ आपल्या एम-एटी गाडीवरून सीडी घेऊन आमच्या दारात हजर. सीडी ठेवून जायला तो तयार नसे आणि फळी द्यायला भावजी. शेवटी पाबळला वेल्डिंग-सुतारकाम शिकलेल्या योसेफनं प्लायवूडची फळी स्वतःच बनवली, तेव्हा कुठे दोघांना बरोबरीनं भांडता येऊ लागलं.

सीडीवर काय, तर ढगळ विजारीतली पोरं रस्त्यानं, पायऱ्यांवरून, कठड्यांवरून फळ्यांसकट उड्या मारत सुटलेली. ती इतक्यांदा लागली की शेंगा सोलता सोलता सासूबाईसुद्धा पोरं ओळखू लागल्या. "ह्यो लाल टोपीचा गुडघं बराबर वाकवितो," असं म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. मला मात्र भावजी मुद्दाम बोलवून शिकवायचे. "उडी बघू नका वहिनी. उडी झाल्यावर हात कुठं जातात ते बघा." मग मलाही दिसायला लागलं. काहींचे हात उडी झाल्यावर सावकाश खाली यायचे, काही झालंच नाही अशा बेतानं. काहींचे मात्र विहिरीत पडल्यासारखे हवेत फडफडायचे. योसेफ बाजेवरून ओरडायचा, "हात गेले खड्ड्यात, किती पायऱ्या उतरला ते बघा."

खेळायची जागा म्हणजे गावातल्या सोसायटीचं गोदाम. पुढे सिमेंटचा ऐसपैस कोबा आणि ट्रकमधली खताची पोती उतरवून घ्यायला कमरेएवढा उंच ओटा. रविवारी तिथे चिटपाखरू नसे. योसेफ ओट्यावरून फळीसकट खाली उडी मारायचा, दहादा आपटायचा आणि अकराव्यांदा कसाबसा फळीवर उभा राहून म्हणायचा, "राह्यलो का न्हाई? विषय संपला." भावजी खाली कोब्यावर संथ गोल फिरत म्हणायचे, "विषय आत्ता सुरू झाला. एक हात आभाळात, एक जमिनीवर. ह्याला उतरणं म्हणत्यात व्हय?" दुसरा वाद ढकलण्याचा. योसेफ पुढच्या पायानं जमीन रेटायचा आणि भावजींना ते बघवत नसे. त्यांच्या मते पुढचा पाय फळीवर ठेवावा, मागच्यानं रेटावं. योसेफ विचारी, "फळी पुढं जाती ना?" भावजी म्हणत, "जाती. पर लाजत जाती." जेवायला बसल्यावरही हेच. कालवण गार व्हायचं, माझा जीव उकडायचा. एकदा दोघांनी सोसायटीच्या चेअरमन आप्पांना गाठून निवाडा मागितला. आप्पा म्हणाले, "माझा कोबा ज्याच्यानं फुटणार न्हाई, त्याचं बराबर." त्यावर दोघांनीही आप्पांना ह्यातलं काही कळत नाही असं ठरवलं. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं.

आता खरी मेख अशी, की भावजींनी त्या ओट्यावरून एकदाही उडी मारलेली नव्हती. हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. एका रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा योसेफ नुकताच उतरला होता. कोपर फुटलं होतं, रक्त मनगटापर्यंत ओघळलेलं. भावजींनी सवयीनं सुरू केलं, "हाताचं सांगतो योसेफ..." आणि योसेफ भडकला. "तू कवा उतरलास रं हितनं? एकदा तरी? तुझा डौल म्हंजी भ्या हाय. इस्त्री केलेलं भ्या." एरवी एका शब्दाला चार शब्द देणारे भावजी फळी उचलून घराकडे चालू लागले. योसेफही वरमला, पण शब्द निघून गेला होता.

त्यानंतर घरात अशी शांतता पसरली की विचारू नका. भावजी ताटात येईल ते खाऊन उठायचे. सासूबाई घाबऱ्या झाल्या. "ह्याला कुणाची नजर लागली का काय? भाकरीला नावं ठेवीत न्हाई." एका दुपारी मी अंगणात कांदे निवडत होते, तर समोर येऊन बसले. "वहिनी, खरं सांगा. मी भितो का?" खोटं बोलून त्यांचं मन राखता आलं असतं, पण माझा स्वभाव तसा नाही आणि त्यांनाही ते चाललं नसतं. मी म्हटलं, "हो भावजी, भिता. ओटा जवळ आला की तुम्ही पाठ फिरवता. दर वेळी. मी बघितलंय." ते कांद्याची सालं बोटांनी चुरू लागले. "म्हंजी समदं बोलणं खोटंच की." मी म्हटलं, "ते मला नाही माहीत. पण एकदा उतरल्याशिवाय तुम्हालाही ते कळायचं नाही." माझ्या बोलण्याचा त्यांना राग आला नाही. मलाच मग दिवसभर काही सुधरेना, कारण ह्या माणसाकडून डौल काढून घेतला तर मागे काय उरेल, ह्याचा मला अंदाज येईना.

त्यातच गावची जत्रा आली. तरुण मंडळींनी हौसेनं कार्यक्रमात 'फळीवरील कसरती' घातल्या. स्पर्धक दोन, बक्षिसं दोन. पहिल्याला फेटा आणि नारळ, दुसऱ्याला नुसता नारळ. पंच कोण, तर आबा आणि त्यांच्या बरोबरीचे गजीतले दोन म्हातारे, कारण नाचाचे पंच तेच, मग ह्याचेही तेच. सकाळी भावजी स्वयंपाकघरात डोकावले आणि हळूच म्हणाले, "आज उतरतो." गोदामापुढे गाव जमलं. आबांनी आल्या आल्या कोब्याच्या मधोमध ढोल मांडायला लावला. ढोलाशिवाय पाय कसे बघायचे, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

ढोल वाजला आणि भावजी निघाले. काय सांगू, माझा दीर म्हणून नाही सांगत, पण तसं सुंदर मी फार थोडं पाहिलंय. ढोलाच्या ठेक्यावर मागचा पाय जमिनीला लागायचा, गुडघा हलकेच वाकायचा, हातात रुमाल नसून असल्यासारखा वाटायचा. बायका तोंडावर पदर धरून बघत राहिल्या. पण दर फेरीला ओटा जवळ यायचा आणि दर फेरीला ते वळायचे. त्यांच्या चेहऱ्यावरचा घाम मला लांबून दिसत होता. ढोल थांबला, ओटा राहिला. मग योसेफ आला. अर्धी फेरी मारून तो सरळ ओट्यावर चढला, फळी रेटली आणि हवेत गेला. कोब्यावर दोन्ही पाय एकदम टेकले, आणि त्याचे दोन्ही हात सावकाश, अगदी अलगद खाली आले. माझी नजर आपोआप भावजींकडे गेली. त्यांचे डोळे त्या हातांवर खिळले होते.

पंचांनी डोकी जुळवली. आबा उठून म्हणाले, "केडगावचं पोरगं गुणी हाय. पर रिंगान सोडून गेलं. गजीत रिंगान सोडलं का बाद." झालं. फेटा भावजींच्या डोक्याला बांधला गेला, गुलाल उधळला गेला. योसेफ हसतच पुढे आला. "घे लेका. आता तर पंचांनीच सांगितलं. वादच मिटला." नारळ गाडीच्या हँडलला अडकवून तो गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

घरचे भावजींना जिंकल्याबद्दल चिडवत होते आणि ते मेल्याहून मेल्यासारखे हिंडत होते. शेवटी एका रविवारी फळी काखेत मारून एकटेच गोदामाकडे निघाले. मला राहवलं नाही, मी मागून गेले. ते ओट्यावर उभे होते. मला बघून म्हणाले, "तिकडं तोंड करा वहिनी." मी म्हटलं, "नाही करणार." मग त्यांनी डोळे मिटले, फळी रेटली आणि उतरले. तोंड वासलेलं, पाय फेंगडे, आणि हात असे की ज्वारीतली पाखरं उडवायला माणूस ठेवलाय जणू. पण फळीवर राहिले. राहिले ते थेट समोर रचलेल्या खताच्या पोत्यांवर जाऊन आदळेपर्यंत. मी धावले. ते पोत्याला टेकून बसले होते, गुडघा चोळत होते, हसत होते आणि डोळे भरून आले होते. "चला केडगावला," म्हणाले, "साक्षीदार पायजे."

योसेफ अंगणात खुर्चीचा पाय जोडत बसला होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मीच म्हटलं, "उतरले ते. ओट्यावरून. मी बघितलं." योसेफनं हातातलं काम ठेवलं. भावजींकडे न बघता त्यानं मला विचारलं, "हात कुठं व्हते, वहिनी?" मी म्हटलं, "एक दौंडला, एक शिरूरला." योसेफ असा हसत सुटला की त्याला खाली बसावं लागलं, आणि भावजी एखादी पदवी मिळाल्यासारखे म्हणाले, "व्हय, लई घाण उतरलो." मग त्यांनी जत्रेतला फेटा पिशवीतून काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "तुझं हात बघितलं मी. पंचांनी न्हाई बघितलं, मी बघितलं." योसेफनं फेट्यावरचा गुलाल झटकला. मग म्हणाला, "ते तूच डोक्यात भरवलंस माझ्या. पर पुढच्या पायानंच ढकलनार मी, सांगून ठिवतो." आणि दोघांची पुन्हा जुंपली. त्याच्या आईनं आम्हाला चहा दिला तो गार झाला.

पुढे योसेफ वेल्डिंगच्या कामावर आखातात गेला, तो अजून तिकडेच आहे. कोब्यावर आता फळी फिरवायची सोय नाही, त्याला भेगा पडल्यात. भावजींचा गुडघा जिना चढताना बोलतो, तरी जिना चढण्याची त्यांची ऐट तीच आहे. परवा ओसरीवर बसून मोबाइलवर कुठल्या तरी देशातल्या एका पोराची कसरत बघत होते. मलाही दाखवली. मी इतकी वर्षं शिकलेली, मला चूक काढता येईना. पाय बरोबर, गुडघे बरोबर, हात तर असे खाली आले की बघत राहावं. मी म्हटलं, "भावजी, हा अगदी तुमच्या मनासारखा."

"चांगला हाय," ते म्हणाले. पुन्हा एकदा बघितलं. "पर एकटाच खेळतोय, वहिनी. ह्याला चुकलं म्हणणारं कुणी दिसत न्हाई." मग मोबाइल मांडीवर उपडा ठेवून त्यांनी मला विचारलं, की तिकडे आता किती वाजले असतील, योसेफची शिफ्ट सुटली असेल का.