वहिनींचा साडेअकराचा फोन

मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. त्यामुळे भुतंखेतं, संकेत, असलं काही मी आयुष्यात मानलं नाही. तरीही हे लिहितेय...

आमचं घर पुंडलिकनगरला, कॉलेज उस्मानपुऱ्यात. स्कूटीवर दहा मिनिटं. तासाभरावरच्या बिडकीनला, माझ्या भावाच्या घरी, वहिनींशी आईचं भांडण झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ती माझ्याकडेच राहायची.

त्या दिवशी मी वर्गात एक तर्कदोष शिकवला – बोलणं खोडता येईना की बोलणाऱ्यालाच खोडायचं. पोरं हसली. "मॅडम, आमच्या घरी रोज हेच चालतं!"

तास संपवून बाहेर आले तर वहिनींचा फोन. साडेअकरा वाजले होते.

"ताई, आई आल्या व्हत्या आत्ता. दारात हुब्या. हिरवी साडी, एकाच पायात चप्पल. 'जाते गं' म्हनल्या अन् दिसंनाच झाल्या. घरी जाऊन बघा ना, लई जीव घाबरतोय."

मी म्हणाले, "वहिनी, दोन वर्षांत आईची साधी चौकशी केली नाही तुम्ही. आता हे नाटक कशाला?"

आणि फोन कापला. आईला एक फोन लावायचा होता... तोही लावला नाही.

तीन वाजता घरी पोचले. आई पॅसेजमध्ये पडलेली. श्वास चालू होता. अंगावर हिरवी साडी – बाबा गेल्यापासून ट्रंकेतून कधी न काढलेली. एका पायात चप्पल. दुसरी बाथरूमच्या दाराशी.

"बाराच्या आत आणलं असतं तर..." दवाखान्यात डॉक्टर एवढंच बोलले. संध्याकाळी आई गेली.

मिस्टर म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण साडी? मी आईचा मोबाइल पाहिला. बिडकीनला एकही कॉल नव्हता. शेजारच्यांना विचारलं, सकाळपासून तिला कुणी पाहिलंच नव्हतं.

दहाव्याला मी वहिनींचे हात धरले. "चुकलं माझं. तुमचं ऐकायला हवं होतं."

त्यांनी मला जवळ घेतलं. "नका रडू ताई. माझ्यावर रुसून गेल्या व्हत्या. वाटलं नव्हतं माझ्या दारात पुन्हा येतील म्हनून."

त्या दोघींचं काय मिटायचं राहिलं होतं, मला माहीत नाही. आई बिडकीनला कशी पोचली, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. पण ती माझ्यापासून दहा मिनिटांवर होती... माझ्याकडे का नाही आली?